कावळ्याचं घर

आमच्या घरात सध्या दोन माणसं आणि अंदाजे दोन हजार गांडुळं राहतात. माणसं भाकरी-आमटी खातात, गांडुळं शेण खातात. भांडणं फक्त माणसांत होतात.

मी प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं. ‘गांडूळ : शेतकऱ्याचा मित्र’ हा दहा ओळींचा निबंध त्यातल्या निम्म्या वर्षांत तरी फळ्यावर लिहून दिला असेल. ‘गांडूळ जमीन भुसभुशीत करते’ हे वाक्य मी इतक्या वह्यांत तपासलंय की भुसभुशीत या शब्दातले ऱ्हस्व-दीर्घ झोपेतही सांगेन. पण खरं गांडूळ हातात घ्यायची वेळ कधी आली नाही. पावसाळ्यात एखादं शाळेच्या पायरीवर चढलं, तर पोरांच्या आधी मीच शिपाईमामांना हाक मारायची. मित्र तो शेतकऱ्याचा. माझी त्याच्याशी ओळख नव्हती.

आणखी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं शिकवली, ती म्हणजे वाक्प्रचार. ‘शेण खाणे’ हा तसा पाठ्यपुस्तकात नसायचा, पण कोल्हापुरात राहून तो पोरांना शिकवावा लागत नाही, ती घरूनच शिकून येतात. एका पोरानं सहामाहीच्या पेपरात ‘बाबांनी पुन्हा शेण खाल्ले’ असं लिहिलं होतं. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. मी पूर्ण गुण दिले आणि पालकसभेत त्या बाबांकडे बघायचं टाळलं.

तर निवृत्तीनंतर परड्यात चार झाडं लावली, झाडांना खत हवं झालं, आणि एका रोपवाटिकेतून मी एक किलो गांडुळं विकत आणली. एका किलोत साधारण हजार बसतात, असं तिथल्या मुलानं सांगितलं. मी मोजली नाहीत. घरी आल्यावर ह्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “पाळायचंच होतं तर पोपट का नाही आणलास?” ह्यांना सकाळी दोन तास नाट्यसंगीत म्हणायची सवय आहे. पोपटानं ते उचललं असतं, हा विचार माझ्या मनात तेव्हाच येऊन गेला होता.

शेणाची अडचण नव्हती. आमचं शहर म्हशींचं. इथं माणसं संध्याकाळी दूधकट्ट्यावर उभी राहून, डोळ्यांसमोर काढलेलं धारोष्ण दूध पेल्यानं पितात. दिवाळीत म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांची मिरवणूक निघते आणि लोक नवरी बघावी तशा म्हशी बघतात. आमच्या गल्लीच्या टोकालाच गोठा आहे. एक म्हैस दिवसाला सहज दहा-पंधरा किलो शेण टाकते आणि गोठ्यात अशा नऊ. म्हणजे एक क्विंटल शेण रोज, माझ्या घरापासून दोनशे पावलांवर. गोठ्याचे मालक अण्णा माझ्याच हाताखालून चौथी पास झालेत, त्यामुळे पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त विचारलं, “बाई, शेण कशाला पाहिजे ओ? शेणी थापायला?”

“गांडुळांना.”

“गांडुळं? पैसं देऊन आणलीसा?”

त्या दिवशी माझी शिक्षिका म्हणून जी काही पत उरली होती, ती गोठ्यात सांडली.

मी परड्यात विटांचा हौद करून घेतला होता, सहा फूट लांब, तीन फूट रुंद. रुंदी तीन फूटच ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधपर्यंत हात पोचतो. तळाला उसाचं पाचट अंथरलं. पाहुणे येणार म्हणून मी खास सकाळचं, वाफाळतं शेण आणलं. आयुष्यभर घरी आलेल्याला ताजं आणि गरम वाढलेलं. शिळं वाढलं तर आईनं हातावर पळी मारली असती. एक फूट उंच थर केला, वर गांडुळं सोडली, ओलं पोतं पांघरलं आणि समाधानानं झोपले.

पहाटे पाहते तर गांडुळं हौदाच्या भिंतींवर, कठड्यावर, खाली फरशीवर, मोरीच्या दिशेनं. जी पळू शकली ती पळाली होती. जी राहिली ती वरच्या थरात निपचित पडली होती. मी थरात बोट घातलं आणि चटकन बाहेर काढलं. आत अक्षरशः भट्टी होती.

अण्णांना सांगायला गेले तर ते धार काढता काढता हसले. “ताजं कशाला घातलासा बाई? भात चुलीवरनं उतरला की आपण बी लगेच घास घेतोय व्हय? निवू द्या की जरा.”

भाताची गोष्ट पोतंभर पुस्तकांपेक्षा चांगली होती, पण पूर्ण खरी नव्हती. भात निवतो. शेण निवायच्या आधी आणखी तापतं. ढीग घातला की आतले सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि त्यांच्या खटाटोपानं मधलं तापमान ५०-६० अंशांवर जातं. गांडुळाला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं, ३५ च्या पुढे त्याचा जीव जातो. शिवाय ताज्या शेणात, त्यातही मूत्र मिसळलेलं असलं तर, अमोनिया असतो. आपल्याला तो नाकात झोंबतो. गांडूळ कातडीनंच श्वास घेतं, म्हणजे त्याला तो सर्वांगाला झोंबत असणार. मी त्यांना जेवायला बोलावून तव्यावर बसवलं होतं.

त्यानंतर शिकले ते असं. शेण सावलीत पसरायचं, पाणी मारायचं, चार दिवसांनी उलथायचं, पुन्हा पाणी मारायचं. दोन-तीन आठवडे हा उद्योग. वास उतरतो, रंग काळपटतो, हात घातला तर गार लागतं, तेव्हा ते वाढायला योग्य. ह्यात घाई चालत नाही आणि विसरभोळेपणाही चालत नाही. वर्षभर पडलेलं, पार माती झालेलं शेण दिलं तर गांडुळं त्यात मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. सत्त्व आधीच कोणीतरी खाऊन गेलेलं असतं. तेव्हा ना ताजं, ना फार जुनं. मुरलेलं. लोणच्याला आपण हा शब्द आदरानं वापरतो. शेणाला वापरायला मला साठी उलटावी लागली.

मुरलेल्या शेणात दुसऱ्या वेळी गांडुळं सोडली, तेव्हा एक गंमत लक्षात आली. ती वरच्या वर दोन मिनिटं घुटमळली आणि मग डोकं खुपसून एकेक आत गेली. दहा मिनिटांनी हौदावर कोणी नव्हतं. घर पसंत पडलं होतं. मग मला आठवली चिऊताई आणि कावळा. कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं, ही गोष्ट मी किती पिढ्यांना सांगितली असेल! पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा चिमणीच्या दाराशी उभा राहतो. गोष्टीचा सगळा रोख असा की शहाण्यानं मेणाचं घर बांधावं. गांडुळांनी मला पहिल्यांदा कावळ्याची बाजू दाखवली. मेणाचं घर खाता येत नाही.

शेणाचं तसं नाही. गांडुळांसाठी कागदाचे कपटे घातले, वाळलेला पाला घातला, तर ते नुसतं अंथरूण. स्वयंपाकघरातली भाजीची देठं घातली तर ते नुसतं जेवण. मुरलेलं शेण मात्र दोन्ही. त्यातच लोळायचं, त्यातच पिल्लं घालायची, आणि भूक लागली की शेजारची भिंत खायची. वैरणीचा भुसा त्यात आधीच मिसळलेला असतो, म्हणून हवा खेळते. ओल जितकी हवी तितकी धरून राहते. मूठ दाबली की दोन-चार थेंब टपकावेत, धार लागू नये. दात नसलेल्या जिवाला म्हशीनं चार पोटांतून रवंथ करून, दळून दिलेलं अन्न. एखाद्या कारागिरानं आखूनही असं घर जमलं नसतं.

माझ्या लहानपणी दिवाळीत आई अंगणात शेणाच्या गवळणी घालायची. बोटभर गवळणी, त्यांच्या डोक्यावर शेणाचे माठ, शेणाचा गोठा, शेणाचं जातं, चूल, सगळं गोकुळ. वर झेंडूच्या पाकळ्या. आम्ही तासन्‌तास त्या घरात मनानं राहायचो. तेव्हा शेणाच्या घराला कोणी हसत नव्हतं. हसायला आम्ही शाळेत गेल्यावर शिकलो.

गांडुळाचा छंद लागला की माणूस दुसऱ्यांच्या जनावरांच्या मागच्या बाजूकडे आदरानं बघायला लागतो. माथेरानला गेलो होतो, तिथं मोटारींना बंदी म्हणून घोडे फार. लोक दऱ्या बघत होते, मी लीद बघत होते. लीद उत्तम, पण शेणापेक्षा जास्त तापते, मुरवायला धीर हवा. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या दिसायला कशा सुटसुटीत, पण वरून कडक. भिजवून, फोडून द्याव्या लागतात, नाहीतर गांडुळं त्यांच्याभोवती नुसती फिरत राहतात. कोंबडीखताच्या वाटेला मी जात नाही. ते मुळातच गरम, अमोनियानं भरलेलं. भरपूर पाचट मिसळून, बरेच दिवस कुजवल्याशिवाय ते देणं म्हणजे पाहुण्याला मिरचीचा ठेचा नुसता चाटायला देणं. मेंढ्यांचं खत तर आमच्याकडे हिंडतं असतं. धनगर मेंढरं घेऊन येतात, शेतकरी त्यांना एक-दोन रात्री रानात बसवून घेतो आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मेंढरं नुसती बसतात, त्याचेही पैसे मिळतात. एवढ्या मानाची बैठक मी कुठल्याच समितीत पाहिली नाही.

सगळ्यात मोठा धक्का मात्र निबंधाला बसला. मी मुलांना ज्या गांडुळाबद्दल लिहून दिलं होतं, ते माझ्या हौदातलं नव्हेच. जमिनीत बिळं करून खाली-वर येणारं, माती खाणारं, गळाला लावायला पोरं जे खणून काढतात, ते वेगळं. हौदातलं लालसर, बारीक, चपळ. त्याचं नाव आयसेनिया फेटिडा. त्याला माती लागतच नाही. पाला, शेण, उकिरडा, असा वरवरचा संसार. मी अतिउत्साहानं माहेरच्या शेतातून चार-पाच जाडजूड गांडुळं आणून हौदात सोडली होती, घरची माणसं म्हणून. आठवड्यात ती नाहीशी झाली. मातीत राहणाऱ्याला शेणाच्या घरात ठेवलं म्हणून तो तिथला होत नाही. आणि त्या फेटिडाचा अर्थ दुर्गंधी असलेला. त्याला डिवचलं तर ते पिवळसर, वास मारणारा द्राव सोडतं, म्हणून हे नाव. ज्यानं जन्मभर आपली घाण खाऊन वास घालवला, त्याचं बारसं असं केलं.

दुसरा धक्का जास्त लागला. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, गांडूळ मधनं कापलं तर दोन गांडुळं होतात?” मी आत्मविश्वासानं ‘हो’ म्हटलं होतं. होत नाहीत. डोक्याकडच्या भागाला कधीकधी शेपूट फुटतं, बहुतेकदा बिचारं मरतं. ती मुलगी आता डॉक्टर आहे. मी तिला अजून कळवलेलं नाही.

हे सगळं शोधताना चार्ल्स डार्विन भेटले. उत्क्रांतीनं जगात खळबळ माजवलेल्या या माणसानं म्हातारपणी शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर, १८८१ साली. पुढच्या वर्षी ते गेले. घरात कुंड्यांत गांडुळं ठेवून त्यांनी ती ऐकतात का हे तपासलं. कोणी शिट्टी वाजवली, मुलानं बासून नावाचं फुंकायचं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. मग कुंडी पियानोवरच ठेवून सूर छेडला, तर कंपनं पोचून ती बिळात पळाली. म्हणजे त्यांना ऐकू येत नाही, पण हादरा कळतो. मी हे ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पेटी उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून रियाज परड्याकडच्या खोलीत सुरू केला. “त्यांना त्रास नाही ना,” असं म्हणाले. ज्यांना त्रास आहे त्यांच्याबद्दल चौकशी केली नाही.

संसार त्यांचा जोरात चालला. गांडुळात नर-मादी असा भेद नाही, प्रत्येक जण दोन्ही असतो, आणि दोघं भेटले की दोघंही अंड्यांचे कोश घालतात. बाळंतपण कोणी करायचं यावर तिथं वाद नाही. लिंबासारख्या घाटाचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळट कोश मला सापडू लागले, तेव्हा मी ते चाळणीतून वेचून परत हौदात ठेवायला लागले. एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात, पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे जसे. तीनेक आठवड्यांत ती बाहेर येतात. अशा रीतीनं ती दोन हजारांवर गेली असावीत. पुढे ती आपली आपण थांबतात, जागा आणि शेण बघून. मी तेही मोजलं नाही.

शत्रू अनेक. चिचुंद्री रात्री यायची. मुंग्या एकदा रांग लावून आल्या, मग हौदाभोवती पाण्याची चर केली आणि कडेला हळद टाकली. पण खरा शत्रू आला जुलैत. कोल्हापूरचा पाऊस काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. तीन दिवस धार लागली, कौलातून पाणी हौदात उतरलं, आणि कावळ्याच्या घराचं जे व्हायचं ते झालं. शेणाचा काला. गांडुळं भिंतीवरून उतरून मोरीच्या दारापर्यंत आली. गोष्टीतली चिमणी कावळ्याला किती वेळ ताटकळत ठेवते! मी दार लगेच उघडलं. रात्री अकरा वाजता बॅटरी तोंडात धरून मी आणि हे, दोघं वाकून गांडुळं वेचत होतो. हे नाट्यगीत गुणगुणत होते. लग्नाला सदतीस वर्षं झाली, इतक्या एकोप्यानं आम्ही कुठलंच काम केलं नव्हतं. नंतर तळाला पाणी निघून जायला भोकं पाडली आणि वर ताडपत्री टाकली.

दोन महिन्यांनी हौदातलं शेण काळं, रवाळ, चहाच्या भुकटीसारखं झालं. वास शेणाचा नाही, पहिल्या पावसाच्या मातीचा. आता गांडुळं त्यातून काढायची कशी? स्वतःच्याच विष्ठेत फार दिवस राहणं त्यांनाही मानवत नाही, हे त्यातलं मर्म. खत तयार झालं की हौदाच्या अर्ध्या बाजूला सरकवायचं, मोकळ्या अर्ध्यात मुरलेलं नवं शेण घालायचं, जुन्या बाजूचं पाणी बंद करायचं. पंधरा-वीस दिवसांत सगळं बिऱ्हाड नव्या घरात. आमच्या वाड्यात चाळीस रुपये भाड्यावर बसलेला एक भाडेकरू होता, त्याला काढायला सासऱ्यांची हयात कोर्टात गेली. इथं दोन बुट्ट्या शेणात काम होतं.

खत जास्वंदीला घातलं. ह्यांचं म्हणणं फुलं नाट्यसंगीतानं वाढली. असो.

अण्णांकडून शेण आणताना एक गोष्ट मात्र विचारायची असते, तीही मी फार उशिरा शिकले. म्हशींना जंतांचं औषध कधी दिलं? ते दिल्यावर काही दिवस शेणातूनही ते उतरतं, आणि गांडूळ शेवटी जंतांचंच लांबचं भावंड. औषधाला नातं कळत नाही. एका खेपेला मी विचारायला विसरले आणि चार दिवसांत हौदाचा एक कोपरा रिकामा झाला. तेव्हापासून गोठ्यात गेलं की नमस्काराच्या आधी माझा तो प्रश्न असतो. म्हशी आता मला ओळखतात. मी कुठल्या बाजूला बघते, हेही त्यांना ठाऊक असावं.

हे लिहायचं कारण असं की गेल्या आठवड्यात अण्णांनी नऊपैकी सात म्हशी विकल्या. पोरं दुधात पडायला तयार नाहीत, आणि गोठ्याच्या जागेवर सहा मजले उभे राहणार आहेत. “दोन ठिवल्यात बाई, तुमच्यासाठनं न्हवं, घरच्या दुधाला,” म्हणाले, आणि मग थोडं थांबून म्हणाले, “शेण काय, न्ह्या की.” पण दोन म्हशींचं शेण त्यांच्याच शेताला लागतं, आणि होळी जवळ आली की स्मशानभूमीला दान द्यायच्या शेणीही त्यांना थापायच्या असतात. मेलेल्यांच्या वाट्याचं मागायला मला जड जातं.

तेव्हा कोल्हापुरात, शुक्रवार पेठेपासून पायी जाता येईल अशा अंतरावर, कोणाच्या ओळखीत गोठा असेल तर सांगा. रोज एक बुट्टी पुरे. ताजं असलं तरी चालेल, मुरवायचं मी बघते. जंताचं औषध केव्हा दिलंय, तेवढं विचारून ठेवा.